डावा पाय आळशी नाही

पत्र लिहिणारी मुलगी 17 वर्षांची आहे, पुण्यात बारावीत शिकते. सातव्या ते बाराव्या वर्षापर्यंत ती भरतनाट्यम शिकली आणि गेली पाच वर्षं बॅले शिकते आहे. तिचा उजवा पाय खुब्यातून छान बाहेर वळतो, डावा वळत नाही. टाचा जोडून चवडे बाहेर वळवायच्या फर्स्ट पोझिशनमध्ये आरशात पाहिलं की उजवं पाऊल जवळजवळ आडवं आणि डावं तिरकं दिसतं. सर म्हणतात, ‘डावा आळशी आहे, त्याच्यावर मेहनत घे.’ म्हणून चार महिने ती रोज रात्री बेडकासारखी पालथी पडते आणि धाकटा भाऊ तिच्या कमरेवर बसतो. फरक पडलेला नाही. उलट महिन्याभरापासून डाव्या जांघेत चिमटा बसल्यासारखं दुखतं. आठ महिन्यांनी आर. ए. डी.ची (रॉयल अकॅडमी ऑफ डान्स) बॅलेची इंटरमीजिएट परीक्षा आहे. भरतनाट्यम करताना हा फरक कधी दिसला नाही, मग आताच कुठून आला, हे तिला कळत नाही. आई म्हणते, ‘शरीरच त्यासाठी घडलेलं नसेल तर कशाला जीव काढतेस?’ तिचे प्रश्न दोन आहेत. डावा पाय उजव्यासारखा करायला नेमकं काय करू? आणि तो झालाच नाही तर बॅले सोडू का?

*

आज रात्रीपासून भावाला कमरेवर बसू देऊ नकोस. बाकी सगळं सावकाश बोलू, पण एवढं आजच थांबायला हवं.

गुडघे फाकवून पालथं पडायचं आणि वरून कुणीतरी वजन टाकायचं, हा प्रकार नाचाच्या वर्गांत वर्षानुवर्षं चालत आलाय. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, हे मला माहीत आहे. पण त्या वजनाने नेमकं काय होतं ते बघ. खुबा म्हणजे शाळेत शिकलीस तो उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या खोबणीत बसतं आणि खोबणीच्या काठाला कूर्चेची एक रिंग असते. सांधा त्याच्या मर्यादेपर्यंत वळला की मांडीच्या हाडाची मान त्या काठाला टेकते. त्यापुढे वजन टाकून खोबण काही रुंद होत नाही, मध्ये सापडलेल्या भागावर दाब येतो इतकंच. तुला तेच झालंय असं नुसत्या पत्रावरून मी म्हणणार नाही. पण स्नायू ताणला जातो तेव्हा मांडीच्या आतल्या बाजूने लांबवर ओढ लागते. जांघेच्या घडीत खोलवर, नेमकं बोट ठेवता येणार नाही अशा जागी टोचत असेल तर तो ताण नव्हे. ते सहन करायचं दुखणं नाहीच.

दोन आठवडे बेडूक बंद, ओढूनताणून केलेले स्प्लिट्स बंद, डावा पाय डोक्याकडे नेणं बंद. क्लासला जा, पण जिथे चिमटा बसतो तिथवर पाय नेऊ नकोस. दोन आठवड्यांनीही जिना चढताना, उकिडवं बसताना किंवा वाकून सॅंडलचा पट्टा लावताना दुखत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. लंगडायला होत असेल, रात्री झोपेतून दुखून जाग येत असेल, सांधा मध्येच अडकत असेल, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नकोस. नुसता टक्‌ असा आवाज येतो आणि दुखत काहीच नाही, असं बऱ्याच नाचणाऱ्यांचं असतं. तो बहुतेकदा हाडावरून सरकणाऱ्या स्नायुबंधाचा आवाज असतो आणि त्याला घाबरायचं कारण नसतं.

हे सदर लहान मुलांचे आईवडीलही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगते. दहा ते सोळा वर्षांचं मूल जांघ किंवा नुसता गुडघाच दुखतो म्हणत असेल, लंगडत असेल आणि त्याचा तो पाय आतल्या बाजूला वळेनासा झाला असेल, तर त्याला व्यायाम देत बसू नका. वाढीच्या वयात मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या पट्टीवरून सरकू शकतं. त्यात पाय बाहेर वळलेला दिसतो आणि दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, म्हणून ते लक्षात येत नाही. त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढून घ्या.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. डावा पाय उजव्यासारखा कसा करू, असं तू विचारतेस. म्हणजे उजवा बरोबर आहे, हे तू आधीच ठरवून टाकलंयस. मी रोज नाचणाऱ्यांचे खुबे आणि घोटे तपासते, आणि माझा अनुभव असा की जो पाय आरशात जास्त उघडलेला दिसतो तो आधी तपासावा. साधारण माणसाचा खुबा बाहेरच्या बाजूला 45 अंशांच्या आसपास वळतो, नाचणाऱ्यांचा पुष्कळदा त्याहून जास्त. दोन पावलं मिळून 180 अंशांची सरळ रेष व्हायची तर एका बाजूला 90 अंश लागतात. उरलेले अंश येतात कुठून? थोडे नडगीच्या हाडाला मुळातच असलेल्या पिळातून, थोडे घोट्यातून. आणि तरीही कमी पडले की माणूस ते गुडघा पिळून आणि तळपायाची कमान आत कलंडवून आणतो. असं वर्षानुवर्षं केलं की गुडघ्याची आतली बाजू, नडगी, अंगठ्याचा सांधा, पाठीचा खालचा भाग, कुणी ना कुणी बोलायला लागतं.

म्हणून उद्या सकाळी एक कर. शहाबादी फरशी असेल तर उत्तम, नसेल तर गच्चीवर जा. पाय ओले करून आधी पावलं समांतर ठेवून उभी राहा आणि बाजूला होऊन उमटलेले ठसे बघ. तळपायाच्या आतल्या बाजूला जी कोरडी खाच राहते ती नीट लक्षात ठेव. मग पाय पुन्हा ओले कर, रोजच्या सवयीने फर्स्टमध्ये उभी राहा आणि पुन्हा बघ. उजव्या ठशातली खाच भरून निघाली आणि डाव्याची जशीच्या तशी राहिली, तर उजवा पाय तळपायातून उसने घेऊन उघडतोय आणि डावा खुबा देतो तेवढंच दाखवतोय. मग खाली गुडघ्याकडे बघ. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत असायला हवी. ती पुढे बघत असेल आणि पाऊल बाजूला, तर तो टर्नआउट, म्हणजे पायाचं बाहेर वळणं, खुब्यातून आलेला नाही.

दुसरी लपायची जागा म्हणजे कंबर. पोटाच्या खाली दोन बाजूंना हाताला लागणारी टोकदार हाडं असतात, त्यांवर बोटं ठेवून फर्स्टमध्ये उभी राहा. डावा खुबा कमी वळत असला की कमरेची डावी बाजू नकळत मागे सरकते. सगळी कंबरच डावीकडे फिरली की डावं पाऊल जास्त उघडल्यासारखं दिसतं. पण मग उजव्या पायाला आपलं आणि डाव्याचं असं दोघांचं काम करावं लागतं. तू पाच वर्षं अशीच उभी राहात असशील, तर उजवा रोज जास्तीचा वळत आलाय आणि डाव्याला कधी खरं काम मिळालेलंच नाही.

आणि ‘आळशी’ या शब्दाबद्दल मला वाईट वाटलं. क्लासमध्ये बार, म्हणजे आधाराचा दांडा धरून करायचे व्यायाम, कसे सुरू होतात आठव. डावा हात बारवर, उजवा पाय काम करणारा. तांद्यू असो, रों द जांब असो, नवा व्यायाम कानावर पडतो तो उजव्या पायासाठी. सर दुरुस्त्या सांगतात त्या उजव्या पायाला बघून. मग वळायचं आणि तेच डाव्या बाजूला करायचं, तोवर सर पुढच्या व्यायामाचा विचार करत असतात. उजवा पाय हवेत रेषा काढत असतो त्या सगळ्या वेळात तुझं अख्खं वजन पेलत कोण उभं असतं? डावा. एका पायावर उभं राहून, वजन घेऊन टर्नआउट टिकवणं हे हवेतला पाय उघडण्यापेक्षा किती तरी अवघड आहे. जो पाय पाच वर्षं पहिल्या बाजूचं ओझं वाहतोय त्याला आळशी कसं म्हणायचं?

भरतनाट्यम करताना हे दिसलं का नाही, हा तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. खुब्याच्या पुढच्या बाजूला एक जाड, बळकट बंध असतो. पाय सरळ असला की तो ताठ होतो आणि बाहेर वळण्याला लगाम घालतो. गुडघे वाकवून खाली बसलं की तो सैल पडतो. अरैमंडी म्हणजे अर्धं बसणं. त्यात तू सगळा वेळ वाकलेली होतीस, लगाम सैल होता आणि दोन्ही गुडघे बाजूला जात होते. बॅलेत पाय सरळ करून उभं राहायचं असतं, तिथे तो बंध ताणला जातो आणि दोन बाजूंमधला फरक उघडा पडतो. म्हणजे फरक आता झालेला नाही, आता दिसायला लागलाय.

यातूनच एक चोरवाट निघते, जी जवळजवळ सगळे करतात. प्लिएमध्ये, म्हणजे गुडघे वाकवून, बसायचं, त्या सैल अवस्थेत पावलं हवी तेवढी उघडायची, आणि मग गुडघे सरळ करायचे. वर येताना बंध ताठ होतो, खुबा परत आत यायला बघतो, पण पावलं फरशीने धरून ठेवलेली असतात. मधल्या मध्ये पिळला जातो तो गुडघा. तू हे करत असशील तर पहिल्यांदा ते सोड. पाय सरळ ठेवून जेवढं वळतं तेवढं वळायचं, आणि मग प्लिए.

मला हे सगळं पुस्तकातून कळलं असं नाही. माझा डावा खुबाही कमी वळतो, आणि तुझ्यासारखं माझं अरैमंडीत झाकलं गेलं नाही. नऊ-दहा वर्षांची असताना क्लासमध्ये जमिनीवर फुलपाखरासारखं बसवायचे. माझा डावा गुडघा हातभर वर राहायचा. बाई मागून यायच्या आणि त्या गुडघ्यावर पाऊल ठेवून हळूहळू वजन द्यायच्या. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या तारखा मोजत बसायचे. पुढे फिजिओथेरपी शिकताना सांधे मोजायच्या प्रॅक्टिकलला मैत्रिणीने माझे खुबे मोजले. उजवा 50, डावा 36. तिने पुन्हा मोजलं, तेच आलं. आत वळणं मोजलं तर डाव्याचं तेवढंच जास्त निघालं. मी त्या लाकडी टेबलावर पालथी पडून रडले. मी प्रयत्न कमी केले नव्हते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी आकड्यांत सांगितलं होतं.

तेच मोजमाप तू करावंस असं मला वाटतं. फिजिओकडून करून घेतलंस तर उत्तम, पण घरी आईच्या मदतीने अंदाज येईल. आईने केलं तर आणखी एक फायदा होईल, तिलाही कळेल.

कडक गादीवर किंवा चटईवर पालथी झोप. डावा पाय सरळ. उजवा गुडघा काटकोनात वाकव, म्हणजे तळवा छताकडे येईल. आईने एक हात तुझ्या माकडहाडावर ठेवायचा, कंबर उचलली जात नाही ना हे बघायला. आता उजवं पाऊल सैल सोडून आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाच्या दिशेने कलू दे. गंमत अशी की पाऊल आत येतं तेव्हा खुबा बाहेर वळत असतो, तोच तुझा टर्नआउट. कंबर उचलायला लागली की थांबायचं. मग पाऊल बाहेरच्या बाजूला पडू दे, ते खुब्याचं आत वळणं. भावाला पायांच्या बाजूने फोटो काढायला सांग, म्हणजे तोही या कामात राहील. उभ्या रेषेपासून नडगी किती कलली तो कोन फोटोवरून मोजता येतो. मग दुसरा पाय. चार आकडे होतील, ते कागदावर लिही.

आता त्यांची बेरीज कर. समज, उजवा बाहेर 55 आणि आत 30, म्हणजे 85. डावा बाहेर 40 आणि आत 45, म्हणजे तेही 85. वळण्याचा पल्ला दोन्हीकडे सारखाच आहे, फक्त डाव्याचा आतल्या बाजूला सरकलेला आहे. असं आलं तर कारण बहुतेक हाडात आहे. मांडीच्या हाडाच्या मानेला पुढच्या बाजूला एक पीळ असतो. जन्मतः तो बराच जास्त असतो, वाढ पूर्ण होईपर्यंत कमी होत 15 अंशांच्या आसपास येतो. कुणाचा जास्त राहतो, कुणाचा कमी, आणि एकाच माणसाच्या दोन पायांचाही वेगळा असू शकतो. पीळ जास्त असलेला पाय आत सहज वळतो, बाहेर कमी. तुझ्या वयाला हे हाड घडून झालेलं आहे. कुठल्याही ताणाने, वजनाने, यंत्राने ते बदलणार नाही, आणि तसं सांगून कुणी वस्तू विकत असेल तर घेऊ नकोस.

पण समज, डाव्याचं बाहेर 40 आणि आतही 30च आलं. बेरीज 70. मग पल्लाच कमी आहे. स्नायू किंवा सांध्याभोवतीचं आवरण आखडलेलं असू शकतं, आणि तिथे फिजिओच्या देखरेखीखाली खरंच काही मिळवता येतं. आत वळताना जांघेत तोच चिमटा बसला, तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखव.

एवढ्यावर मोजणं संपत नाही. आत्तापर्यंत पाऊल आपोआप कलत होतं. आता तीच कृती स्वतःच्या ताकदीने कर आणि तिथे धरून ठेव. सैल सोडल्यावर 40 येतात आणि ताकदीने धरता येतात फक्त 28, असं निघालं तर मधले 12 अंश तुझेच आहेत, वापरात नाहीत. टाकी भरलेली आहे, नळाला धार नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींना जे मिळवता येतं ते इथेच असतं. सगळ्यांचं लक्ष मात्र टाकी मोठी करण्याकडे.

ही धार वाढवतात ते ढुंगणाच्या मोठ्या स्नायूच्या खाली खोल असलेले सहा छोटे स्नायू. ते जोर लावून आवळायचे नसतात. सर ‘आवळ’ म्हणाले की मुली अख्खं ढुंगण दगडासारखं करतात, कंबर पुढे ढकलली जाते आणि वळणं तिथेच थांबतं. कुशीवर झोप, गुडघे वाकवलेले, टाचा एकमेकींना चिकटलेल्या. वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघड, कंबर मागे पडू देऊ नकोस. चार बोटं उघडलं तरी पुष्कळ झालं. दहा-बारा वेळा सावकाश, दोन फेऱ्या, डाव्या बाजूला एक फेरी जास्त. आठवड्यातून तीन-चार दिवस बास. जांघेत टोचलं तर तेवढं कमी उघड, तरीही टोचलं तर सोडून दे.

पण मला तुझ्याकडून मनापासून करून घ्यायचाय तो व्यायाम वेगळाच आहे. मोजे घालून गुळगुळीत लादीवर उभी राहा, खुर्चीच्या पाठीला हात. पावलं समांतर, गुडघे सरळ. आता टाचा एकत्र ठेवून चवडे बाहेर सरकव, पण ढकलायचं पायाने नाही, वळायचं मांडीच्या मुळापासून. लादी गुळगुळीत असल्यामुळे फरशी पावलांना धरून ठेवत नाही. खुबा देतो तेवढंच उघडतं, एक अंशही जास्त नाही. डावा जिथे थांबतो तिथे उजव्यालाही थांबव. तो तुझा आजचा खरा फर्स्ट. पहिल्यांदा बघशील तेव्हा तो फार लहान वाटेल, मला माहीत आहे. तिथे दहा श्वास उभी राहा. कंबरेची दोन्ही हाडं समोर बघतायत ना, तळपायाची कमान उभी आहे ना, एवढंच बघ. काही दिवसांनी मोजे काढून, त्याच कोनात, वजन सगळं डाव्या पायावर घे आणि उजवा घोट्यापाशी उचल. डावी मांडी आत फिरू न देता दहा सेकंद टिकली की मला सांग. हे जमलं की तुझे पिरुएत, म्हणजे एका पायावरच्या गिरक्या, आपोआप सुधारतील, कारण उजवीकडे घेतलेल्या आँ दऑर (बाहेरच्या दिशेने घेतलेल्या) फेरीत तू फिरतेस ती याच डाव्या पायावर.

क्लासमध्ये काय करायचं, याबद्दल शिक्षकांमध्येही मतभेद आहेत. प्रत्येक पायाने आपापला पूर्ण टर्नआउट वापरावा असं काही म्हणतात. माझं मत ठाम आहे. दोन्ही पाय जमिनीवर असताना कोन कमी वळणाऱ्या पायाचा धरायचा. फिफ्थमध्ये, म्हणजे एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे चिकटवून उभं राहताना, मागचं पाऊल पूर्ण झाकलं गेलं नाही तरी चालेल, टाच बोटांपर्यंत नेण्यासाठी गुडघा पिळायचा नाही. बोटांच्या टोकांवर उभं राहायचे पॉइंट शूज घातल्यावर तर मुळीच नाही. उजवा पाय हवेत असताना त्याला त्याचं वापरू दे, पण डाव्याला ओढून कंबर फिरवत नसेल तरच. आणि आठवड्यातून एका क्लासला बार डाव्या पायाने सुरू करता येईल का, हे सरांना विचार. फक्त तुझ्यासाठी नाही, सगळ्या वर्गासाठी. मांडी घालून बसतानाही रोज एकच पाय पुढे असेल तर बदलत जा. त्याने हाड बदलणार नाही, पण शरीराला दुसरी बाजू ओळखीची राहते.

परीक्षेबद्दल एवढंच सांगते की आठ महिने हा पुरेसा वेळ आहे. ताकदीचा फरक साधारण दोन-तीन महिन्यांत जाणवायला लागतो. लहान कोनात स्थिर, लांब, शांत दिसणारी मुलगी मोठ्या कोनात डगमगणाऱ्या मुलीपेक्षा चांगली नाचते, हे बघणाऱ्याला कळतं. परीक्षकालाही कळतं.

राहिला आईचा प्रश्न, शरीर त्यासाठी घडलेलं आहे का. ती काळजीने बोलते आहे, तिच्यावर रागावू नकोस. पण ‘त्यासाठी’ म्हणजे कशासाठी? सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजदरबारात हा नाच आकाराला आला, चौदाव्या लुईने 1661 साली नृत्याची अकादमी काढली, त्याचा नृत्यगुरू बोशां याने पायांच्या पाच पोझिशन्स बसवल्या, असं मानलं जातं. त्या काळी पावलं आजच्यासारखी एका रेषेत उघडत नसत, पुष्कळच कमी उघडत. 180 अंशांचा आग्रह नंतरचा आहे. प्रसिद्ध रशियन बॅले नर्तकी अॅना पाव्हलोव्हा हिचा टर्नआउट तर त्या काळातल्या जाणकारांच्या मते चांगला नव्हता. तिचे घोटे नाजूक होते, पावलांची कमान गरजेपेक्षा जास्त होती. तीच पाव्हलोव्हा नाचत जगभर फिरली, भारतातही आली. तिला पाहून रुक्मिणीदेवी अरुंडेल बॅले शिकायला लागल्या, आणि आपल्या देशाचं नृत्य शोध असं पाव्हलोव्हानेच त्यांना सुचवलं. पुढे त्या भरतनाट्यमकडे वळल्या आणि 1936 साली त्यांची कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी राहिली. तू सातव्या वर्षी ज्या अरैमंडीत पहिल्यांदा बसलीस, तिच्या आजच्या रूपामागे त्या कमी वळणाऱ्या खुब्यांचाही थोडा हात आहे.

खोटी आशा मात्र दाखवणार नाही. परदेशातल्या मोठ्या क्लासिकल कंपन्या निवड करताना टर्नआउट बघतात, आणि तुझे आकडे खूपच कमी निघाले तर तो रस्ता अवघड आहे. तिथेच जायचं असं तुझ्या मनात असेल तर हे आता माहीत असणं बरं. पण तू पत्रात कुठेही तसं लिहिलेलं नाहीस. तू लिहिलंयस की अदाजिओ, म्हणजे संथ लयीतला नाच, सुरू झाला की तुला घड्याळ दिसत नाही. त्यासाठी कुणाचा किती अंश वळतो हे कुणी विचारत नाही. कंटेम्पररी आहे, शिकवणं आहे, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी आपल्यासाठी नाचणंही आहे. डावा खुबा समज 15 अंश कमी वळत असला, तरी ते बॅले सोडायचं कारण मला दिसत नाही. दुखणं दुर्लक्षून नाचायला लागलीस, तर मात्र मीच तुला थांबवीन.

सरांशी बोलायची तुला भीती वाटते, हे पत्रातल्या शब्दांवरून कळलं. क्लासच्या मध्ये बोलू नकोस, सगळे गेल्यावर बोल. तक्रार म्हणून नाही. कागद पुढे ठेव आणि सांग, ‘सर, माझे खुबे मोजले, डावा बाहेर कमी वळतो. मी काही महिने दोन्ही पाय डाव्याच्या कोनात ठेवून ताकद वाढवते, तुम्ही कंबर फिरते का ते बघाल?’ बहुतेक शिक्षकांना नेमकं काय बघायचं हे सांगितलं की ते मनापासून बघतात. आणि कुणीही, सर असोत की मैत्रीण, तुझा गुडघा हाताने मागे दाबायला आलं, तर ‘नको’ म्हण. मी दहाव्या वर्षी म्हणू शकले नाही. तू सतरा वर्षांची आहेस.

मोजलेल्या कागदावर तारीख घाल आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटव. जांघ शांत झाली की व्यायाम सुरू कर. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच चटईवर पालथी झोप, आईचा हात माकडहाडावर, भाऊ फोटो काढायला. बाहेरचे आकडे तेवढेच असतील कदाचित, पण ताकदीने धरलेला डाव्याचा आकडा बघ, आणि तो मला लिहून पाठव.